एकाच कोडचे दोन फोन

४ नोव्हेंबर १९९६, सोमवार

बसला एकदाचा फोन! सकाळी दहापासून पाचपर्यंत गोरक्षनाथ छपरावर आणि मी खाली शिडी धरून उभा. गुडघ्यांनी संप पुकारला आहे. हा गोरक्षनाथ नेवाशात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो आणि हल्ली हे लांब पल्ल्याचे कॉर्डलेस बसवतो. परवान्याचं विचारलं तर म्हणाला, "गुरुजी, ते इचारू नका."

टेलिफोन आमच्या गावातल्या घरात आहे. आम्ही दोघं नवराबायको राहतो मळ्यात, गावापासून तीन किलोमीटर, आणि तार इथवर येत नाही. आमची मुलगी एंजेला मस्कतला नर्स आहे, दर रविवारी फोन करते. तेवढ्यासाठी मी आणि मरिया दर रविवारी चर्च सुटल्यावर त्या बंद घरात उंदरांच्या संगतीत तीन-तीन तास बसायचो. आता गावातल्या घरी मुख्य डबा बसवला, इथे मळ्यात हातातला फोन आणि घरावर चाळीस फुटी पाइप, त्याच्या टोकाला अँटेना. गावात वाजलं की इथे वाजतं.

डब्यात आणि हातातल्या फोनमध्ये एकच कोड टाकायचा असतो, म्हणजे दुसऱ्या कुणाचा फोन आपल्या डब्याला चिकटत नाही. "तीन आकडी सांगा, इसरणार न्हाई असा," गोरक्षनाथ म्हणाला. मी पटकन म्हणालो, "दोनशे सत्तेचाळीस." आमच्या जमिनीचा गट नंबर. झोपेतून उठवून विचारा, सांगेन. गोरक्षनाथाने माझ्याकडे पाहिलं, हसला, "बरं बरं" म्हणाला आणि टाकला. का हसला ते विचारायला हवं होतं, पण अंगात त्राण नव्हतं.

छपरावरून बांधापलीकडचं दादाचं घर दिसतं म्हणे. त्याच्याही घरावर जुलैपासून असाच पाइप आहे. शांतवनदादा, माझा सख्खा थोरला भाऊ. नऊ वर्षं झाली, आमचं बोलणं नाही. वडिलांच्या जमिनीच्या वाटणीत विहिरीकडची पट्टी त्याने ठेवली, म्हणाला, तू शाळेत खडू धरलास, मी इथे नांगर धरला. मी कोर्टात गेलो. तिथेच आहोत अजून.

दादाच्या हृदयाचं ऑपरेशन ठरतंय, पुण्याला. मरिया चहा देताना म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी एकदा बोला त्यांच्याशी. टेबलावर काय झालं तर मग मला सांगू नका, राहून गेलं म्हनून." मी म्हणालो, विहीर दे म्हणावं, मग बोलतो. हे म्हणायला नको होतं. तोंडातून गेलं. फार दमलोय आज.

९ नोव्हेंबर, शनिवार

नसती ब्याद! अकरा वाजता फोन वाजला. बाईचा आवाज, "शांतवन पाटोळ्यांचं घर ना? पुण्याहून हॉस्पिटलमधून बोलतेय." मी "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. दोन मिनिटांनी पुन्हा तीच बाई. पुन्हा राँग नंबर. तिसऱ्यांदा ती बिचारी इतकी काकुळतीला आली की मी गप्प ऐकून घेतलं. सोळा डिसेंबरला दाखल व्हायचं, अठराला ऑपरेशन. मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मरिया म्हणाली, "आता तरी जावा. देवानंच निमित्त दिलंय." देवाला दुसरे उद्योग नाहीत का? निरोप मात्र द्यायला हवा होता, तारीख चुकली असती तर पाप माझ्या माथी. कागदावर लिहून पाठवलं. दादा माझं अक्षर ओळखतो, त्यानेच पाटीवर गिरवून घेतलेलं आहे, म्हणून डाव्या हाताने लिहिलं. नाव घातलं नाही.

कागद आक्काबाईने नेला. ती सकाळी आमच्याकडे खुरपते, दुपारी त्यांच्याकडे. दोन्ही उंबरे ओलांडणारी ती एकटीच. परत आली तेव्हा मी सहज विचारलं, काय म्हणाले? "वाचलं न् हसलं की तुमचं दादा. म्हनलं, पोरानं डाव्या हातानं काढलंय. घडी घालून खिशात ठिवला."

मी एकोणसाठ वर्षांचा आहे. पोर म्हणे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दहा दिवसांत बारा वेळा दादाचे फोन माझ्याकडे वाजले. माझे त्याच्याकडे किती वाजले असतील देव जाणे. रविवारी एंजेलाचा फोन आधी रूथवहिनींनी उचलला, दादाच्या बायकोने, आणि दोघी म्हणे दहा मिनिटं बोलत बसल्या! एंजेला मला सांगते, "काकू किती गोड बोलल्या, पप्पा." मस्कतचं मिनिट केवढ्याला पडतं याची शुद्ध नाही कुणाला.

शेवटी गोरक्षनाथाला बोलावलं. त्याने हातातला फोन उघडला, फुंकर मारली, बंद केला आणि खाली बघत म्हणाला, "गुरुजी, खरं सांगू का? दादांचा कोड बी दोनशे सत्तेचाळीसच हाय."

"काय?"

"जुलैत मीच बसवला. त्यांनी बी असाच पटकन सांगितला. तुमी बोलला तवा मला वाटलं, दोघा भावांचं ठरलं आसंल."

"ठरलं? आमचं? साऱ्या तालुक्याला आमची केस माहीत आहे आणि तुला नाही?"

"म्हनून तर बरं वाटलं ना मला," म्हणाला गाढव.

मला इतका संताप आला. म्हटलं, माझा नंबर त्याने घेतलाच कसा? तर गोरक्षनाथ शांतपणे म्हणतो, "त्यांचा सेट आधी बसलाय. घेतला आसंल तर तुमी." दोन्ही सेट एकाच बनावटीचे, एकाच चॅनलचे. चॅनल बदलायचा तर दोन्ही डबे नगरला पाठवावे लागतील, महिना जाईल. कोड बदलणं पाच मिनिटांचं काम. "दोघांतल्या एकानं बदला, मिटलं."

मी सांगितलं, मी बदलणार नाही. गट नंबर दोनशे सत्तेचाळीसवर माझं नाव आहे. बदलायचा तर त्याने बदलावा. गोरक्षनाथ पिशवी उचलून मरियाला म्हणाला, "वहिनी, ह्याला माझ्याकडं औषध न्हाई."

२३ नोव्हेंबर, शनिवार

आक्काबाईकडून दादाचा निरोप, "नंबर माझा पहिला हाय. मी न्हाई बदलनार." झालं! मला हेच अपेक्षित होतं. आमची केस या एका वाक्यात मावते, वकिलांनी उगाच दोनशे पानं केली.

मरिया दिवसभर माझ्याशी फक्त जेवायला या आणि पाणी तापलंय एवढंच बोलली. मी दुपारी झोपलो. हल्ली दुपारी झोपतो आणि उठल्यावर सकाळ वाटते, मग संध्याकाळ दिसली की वाईट वाटतं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

पाटाचं पाणी कधी सुटणार हे पाटकऱ्याला विचारायला संध्याकाळी साडेसातला फोन करावा म्हणून बटण दाबलं, तर आत दादा बोलतोय. त्याची मुलगी शुभांगी श्रीरामपूरला दिली आहे, तिच्याशी. मी ठेवणारच होतो. ठेवला नाही, हे इथे लिहितो, कारण ही वही दुसरं कोणी वाचत नाही.

दादाचा आवाज बारीक झालाय. पूर्वी तो बांधावरून हाक मारायचा ती पलीकडच्या वस्तीवर ऐकू जायची. आता मधेच दम घेतो. पण जोर लावून, मोठ्याने बोलत होता. "सोळाला सोमवारी सकाळी सहाला श्रीमंतची जीप सांगितलीय. वार्ड नंबर चार. दुसरा मजला. लिफ्टच्या उजवीकडं." शुभांगी म्हणाली, "हो पप्पा, माहितीये मला, मीच तर जाऊन बेड ठरवून आले." तरी हा पुन्हा सांगतोय, दुसरा मजला, लिफ्टच्या उजवीकडं. तीन वेळा! कान गेलेत त्याचे, नाहीतर डोकं.

पाण्याचं विचारायचं राहिलं.

२ डिसेंबर, सोमवार

साडेसातला वेळ सांगणाऱ्या नंबरवर फोन लावायचा होता, घड्याळ मागे पडतंय असं वाटलं. दादा बोलत होता. आज काय तर लहानपणची गोष्ट. कॅनॉलमध्ये पोहायला गेलो होतो आणि धाकट्याचा पाय अडकला, तर तो कसा ओढून काढला, वडिलांनी दोघांना कसं बदडलं. शुभांगीला ही गोष्ट शंभरदा ऐकवली असणार, ती नुसती हं हं करत होती. मधेच म्हणाली, "पप्पा, असं ओरडून का बोलता? मला ऐकू येतंय." तर म्हणतो, "तुला येतंय गं."

आणि गोष्ट चुकीची सांगितली. पाय अडकला तो डावा. हा उजवा म्हणाला. तोंडावर आलं होतं माझ्या, डावा रे, डावा. बटण बंद केलं.

मरियाने विचारलं, घड्याळ बरोबर आहे का? मी म्हणालो, पाहायचं राहिलं. ती भाकरी थापता थापता हसली. का, कोण जाणे.

५ डिसेंबर, गुरुवार

आज दादाने पाइप दहा फुटांनी वाढवला. आजारी माणूस खुर्चीत बसून गोरक्षनाथाला सूचना देत होता, मी इथून पाहिलं. ज्याचा पाइप उंच त्याचा फोन वरचढ, हे त्याला कळलेलं दिसतंय. म्हणजे आता लाइनही माझी बळकावणार! चांगलं आहे. तसाच गोरक्षनाथाला इकडे बोलावला आणि माझा पंधरा फुटांनी वाढवून घेतला. शिवाय सेटच्या मागे ताकद कमी-जास्त करायचं एक बटण आहे ते जास्तवर टाकलं. गोरक्षनाथ म्हणाला, "गुरुजी, आता तुमचा फोन चालू आसंल तर त्यांचा मुका व्हईल बरं का."

"होऊ दे," मी म्हणालो.

गंमत अशी, पाइप वाढवून दादाचाच तोटा झाला. संध्याकाळी त्याचं बोलणं मला पूर्वीपेक्षा स्वच्छ आलं, खोकला, खुर्चीची करकर, सगळं. एवढंही त्याला समजू नये? हिशेबात तो नेहमीच कच्चा.

८ डिसेंबर, रविवार

चर्चमध्ये दादा नेहमीच्या मागच्या बाकावर, मी पुढे. पाळकसाहेबांनी त्याचं नाव घेऊन प्रार्थना केली. मी डोळे मिटले होते, पण त्याचा श्वास मागून ऐकू येत होता असं वाटलं. एवढ्या लांबून कसा येईल? भास असेल. बाहेर पडताना तो खांबाला टेकून उभा होता, वाट बघत असल्यासारखा. रूथवहिनी वहाण शोधत असतील म्हणून थांबला असेल. मी दुसऱ्या दाराने निघालो.

थकलोय. नऊ वर्षं दुसऱ्या दाराने निघतोय. याला काय अर्थ आहे असं आज वाटेत वाटलं, घरी येईपर्यंत टिकलं नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दुपारी जेवण झाल्यावर हातातल्या फोनचं बटण मी चालू करून ठेवलं आणि फोन खाटेवर टाकला. कारण लिहायला लाज वाटते. कालपासून दादा साडेसातची वाट न बघता केव्हाही फोन करतोय आणि माझं ऐकायचं राहतंय. बटण चालूच ठेवलं तर चुकणार नाही असा माझा हिशेब. मग मला झोप लागली.

तीनच्या सुमारास मरियाच्या ओरडण्याने जागा झालो. बांधावरून रूथवहिनी पळत येत होत्या, अनवाणी, पदर काट्यांत अडकून फाटलेला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या आमच्या अंगणात आल्या. दारातच धापा टाकत म्हणाल्या, "भावजी, तुमचा फोन बंद करा हो. आर्ध्या तासापासून आमचा लागत न्हाई. ह्यांच्या छातीत कळा येतात्यात, जीपला फोन करायचाय."

खाटेवर फोनचा लाल दिवा चालू होता. मरियाने तो पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मग फोन उचलून बंद केला.

मीच जीपवाल्या श्रीमंतला फोन लावला. त्याची जीप वीस मिनिटांत आली. ती वीस मिनिटं मी बांधावर उभा होतो. पलीकडे पाऊल टाकलं नाही, का ते मला विचारू नका. त्यांनी दादाला उचलून जीपमध्ये ठेवलं. त्याने माझ्या बाजूला हात केला. की जीपची दांडी धरायला वर केला, नक्की कळलं नाही.

संध्याकाळी परत आणला. नेवाशाच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, सोमवारी पुण्याला जाताय ना, तोवर हलू नका. वाचला. अर्धा तास माझ्यामुळे गेला. काही झालं असतं तर मी जन्मभर कुठे तोंड लपवलं असतं?

१३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी पहिल्या एसटीने नेवाशाला गेलो आणि गोरक्षनाथाला दुकानातून उठवून आणला. म्हटलं, कोड बदल.

"कुनाचा?"

"माझा."

त्याने पिशवीतून पेचकस काढला. "कोंचा टाकू?"

"कोणताही टाक. मला सांगूही नकोस."

त्याने काहीतरी टाकला. पंधरा फूट पाइपही खाली उतरवला आणि ताकदीचं बटण कमीवर टाकलं. आता दादाचा फोन त्याचा आणि माझा माझा. दोनशे सत्तेचाळीस मी सोडला, निदान या डब्यापुरता. नऊ वर्षांत कुठलीही गोष्ट मी सोडलेली नाही. मला वाटलं होतं हलकं वाटेल. मरियाला सांगितलं तर ती म्हणाली, "बंद केलंत? सगळंच?" आणि चुलीपुढून उठून गेली. बायकांना कशातच समाधान नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

साडेसातला बटण दाबून पाहिलं, यंत्र नीट चालतंय का म्हणून. आत नुसता टोन. मोकळा, स्वच्छ, एकसारखा. बराच वेळ ऐकला.

१५ डिसेंबर, रविवार

चर्चला दादा नव्हता. मागचा बाक रिकामा होता. एंजेलाचा फोन दुपारी आला, अजिबात खरखर नाही, मधे कुणी उचललं नाही. तिने विचारलं, "काकू नाहीत का आज लाइनवर?" मी म्हणालो, दुरुस्त झाला फोन. ती म्हणाली, "अच्छा."

चारला आक्काबाई त्यांच्याकडून आली आणि सांगायला लागली, "दादा कालपासनं फोन हातात घिऊन अंगनातच बसल्यात. बाईंना सारखं इचारत्यात, त्याच्याकडं जातंय का गं? तुमच्या पाइपाकडं बघत्यात. आन् पाइप खाली आलेला बघून लई उतरलं तोंड त्यांचं."

मी म्हणालो, "अजून पाइपाचंच दुखणं? खाली घेतला, आता तरी जिंकला म्हणावं."

तेव्हा मरियाने हातातलं सूप खाली आपटलं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, तिने आवाज चढवलेला मला आठवत नाही. "अहो, तुमी मास्तर का कोन? हॉस्पिटलातला बेड शुभांगीनं ठरवला ना? तिनंच वार्ड बघितला ना? मग तिलाच ते रोज वार्ड नंबर कशाला सांगतील? ओरडून-ओरडून? कॅनॉलची गोष्ट शुभांगीसाठी हुती का? पाइप वाढवला तो तुमाला नीट ऐकू जावं म्हनून वाढवला. रूथबाईनं मला सांगितलंय. त्यांना पयल्या दिवसापासनं माहीत हुतं, तुमी ऐकताय. तुमच्या डाव्या हाताच्या कागदानं कळलं."

"मग मला सरळ का नाही बोलला?"

"तुमी बोलला का?"

कांद्याची रोपं बघायला म्हणून बाहेर पडलो आणि वाफ्याच्या कडेला बसलो. आता विचार करतो तेव्हा एकेक आठवतं. उजवा पाय म्हणाला होता. त्याला चांगला ठाऊक आहे, डावा. मी बोलून जावं म्हणून मुद्दाम चुकला का? आणि मी परवा स्वतःच्या हाताने त्याचं बोलणं तोडलं, वर मोठेपणा केल्यासारखा घरी आलो. मी मूर्ख माणूस आहे. असला मूर्ख मुलगा वर्गात असता तर बाकावर उभा केला असता.

उद्या सहाला जीप निघते. त्याआधी जाऊन बोलायचं.

१६ डिसेंबर, सोमवार

साडेचारला उठून अंघोळ केली, कोट घातला. मरियाने तिखट-मिठाच्या दशम्या बांधून दिल्या. पावणेसहाला बांधापर्यंत गेलो. काय म्हणायचं ते ठरेना. माफ कर म्हणावं तर कशाकशाबद्दल? कसा आहेस म्हणावं तर दिसतंच आहे. असा घोळ घालत उभा राहिलो. पलीकडे जीपचे दिवे लागले, दार वाजलं आणि जीप निघूनही गेली. दशम्या हातातच.

पस्तीस वर्षं मुलांना भाषा शिकवली मी.

मरियाने माझी पिशवी भरायला घेतली, सदरे, टॉवेल, गोळ्या, ही वही. उद्याची एसटी आहे.

१७ डिसेंबर, मंगळवार. पुणे

फाट्यावरून सकाळची गाडी मिळाली. सुप्यापर्यंत उभ्याने, मग कारखान्याची माणसं उतरली तेव्हा जागा झाली. पुण्यात उतरल्यावर रिक्षावाल्याला हॉस्पिटलचं नाव सांगितलं. तिथे चौकशीच्या खिडकीत काही विचारावं लागलं नाही.

वार्डच्या दारात पाय अडखळला. दादा खाटेवर बसला होता, दाढी वाढलेली, हॉस्पिटलचा हिरवा सदरा एका खांद्यावरून घसरलेला. किती वाळलाय! फोनवर माणूस वाळलेला कळत नाही. रूथवहिनी स्टुलावर डुलक्या घेत होत्या. त्याने मला पाहिलं आणि सदरा खांद्यावर ओढून घेतला. मग म्हणाला, "शुक्रवारपासनं तुझ्याकडं जात नव्हतं."

"मी कोड बदलला."

"का?"

"तुझा फोन अडतो म्हणून."

"आडू दे की," दादा म्हणाला. "तेवढाच एक चालू हुता आपला."

मला रडू आलं. चार नंबर वार्डात, पंधरा-वीस पेशंटांसमोर, एकोणसाठाव्या वर्षी. खाटेच्या कडेवर बसलो. त्याने सरकून जागा केली, लहानपणी एका घोंगडीत सरकायचा तसा. पाय डावाच होता, मी म्हणालो. तो म्हणाला, "ठावं हाय. किती दिस वाट बघितली, आता दुरुस्त करशील, मग करशील." वहिनी जाग्या झाल्या आणि आम्हाला बघून तोंडावर पदर धरून बाहेर गेल्या.

विहिरीचं कुणीच काढलं नाही. नंतर तो थकून झोपला. मी नखं बघत बसलो, आमच्या दोघांची अंगठ्याची नखं सारखी आहेत.

संध्याकाळी नर्स कागद घेऊन आली. ऑपरेशनला संमतीचा, जवळच्या नातेवाइकाची सही हवी. जीवाला धोका वगैरे सगळं त्यात बारीक अक्षरात छापलेलं. वहिनींनी पेन हातात घेतलं, कागद पाहिला आणि ते माझ्यापुढे केलं. "भावजी, तुमी करा."

"पेशंटचे कोण तुम्ही?" नर्सने विचारलं. नात्याची एक ओळ होती, तिथे मी लिहिलं, सख्खा भाऊ. दादा डोळे किलकिले करून बघत होता. म्हणाला, "आज उजव्या हातानं लिवलंस."

१८ डिसेंबर, बुधवार

साडेआठला आत नेलं. आता दीड वाजलाय. शुभांगी आली आहे, तिच्या डोळ्यांखाली काळं झालंय. वहिनी प्रार्थना करताहेत, मीही करतोय, पण मधेमधे तंद्री लागते, दोन रात्री झोप नाही. चार वेळा जिना चढलो-उतरलो, चहा प्यायलो, तो कडू होता. लिहायला बसलो तर हाताला शब्द सापडत नाही.

सव्वातीन. डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, झालं व्यवस्थित, आता दोन दिवस काळजीचे. मी त्यांना नमस्कार केला आणि भिंतीला टेकून तसाच खाली बसलो.

२० डिसेंबर, शुक्रवार

दादाला अजून अतिदक्षतेतच ठेवलंय. काचेतून दिसतो. सकाळी शुद्ध होती, मला पाहून त्याने बोट हलवलं. मीही हलवलं. बरा होईल म्हणतात, वेळ लागेल. वहिनींना जबरदस्तीने शुभांगीबरोबर तिच्या ओळखीच्यांकडे झोपायला पाठवलं. इथे बाकावर मी एकटाच आहे. पाठ मोडून आली आहे, पण उठवत नाही.

नेवाशाच्या कोर्टात आज आमच्या केसची तारीख होती. आत्ता अकरा वाजून दहा मिनिटं झाली आहेत, म्हणजे आमचा पुकारा होऊन गेला असेल. पट्टेवाला दारात उभा राहून दोघांची नावं तीन-तीनदा ओरडला असेल. वादी गैरहजर, प्रतिवादी गैरहजर.